मोठेपणी एडीएचडी कळलं, आता गोळी सुरू करायची का? एक एक पायरी

माझ्या लेकाला सहाव्या वर्षी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास, असल्याचं निदान झालं. तपासणीच्या वेळी डॉक्टर मॅडम त्याच्याविषयी एकेक प्रश्न विचारत होत्या. वस्तू हरवतो का, सांगितलेलं अर्ध्यात सोडतो का, समोर बसून ऐकतोय असं वाटतं पण ऐकत नसतो का? उत्तरं मी त्याची देत होते आणि आठवत मात्र माझंच होतं. माझी माय म्हणायची, "या पोरीचं चित्त कधी थाऱ्यावर नसतं." मी लातूर जिल्ह्यात ग्रामसेविका आहे. लेकाची फाईल तयार झाली त्याच वर्षी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, माझीही झाली. असं पुष्कळ घरांत होतं, कारण एडीएचडी घराण्यात उतरतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून त्यातला आनुवंशिक वाटा ७० ते ८० टक्के निघतो.

निदानानंतर मी सहा महिने वाया घालवले. गोळी घेणं म्हणजे जन्मभराचा होकार, अशी माझी समजूत होती. सासूबाई म्हणाल्या, "डोक्याची गोळी एकदा लागली की सुटत नाही." मी ते खरं मानलं. प्रत्यक्षात हा निर्णय दोन-तीन महिन्यांच्या चाचणीचा असतो. औषध थोड्या मात्रेत सुरू होतं, हळूहळू वाढतं, फरक मोजला जातो आणि उपयोग नसेल तर थांबतं. डॉक्टर बिचारे दहा मिनिटं देऊ शकतात. त्या दहा मिनिटांपुढचे सगळे दिवस मोजायचं काम आपलं. म्हणून आधी एक वही घ्या. दोनशे पानी लागत नाही, चाळीस पानी पुरते. पुढचं सगळं त्या वहीभोवती आहे.

मी डॉक्टर नाही. मात्रा ठरवणं त्यांचं काम. त्यांच्यापुढे नीट तयारीनं कसं बसायचं, एवढंच मी सांगू शकते.

निदान खरंच झालंय का, ते बघा

मोबाईलवर रील बघून "मला पण हेच आहे" असं वाटणं म्हणजे निदान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस नावाची प्रश्नावली आहे, तिचा सहा प्रश्नांचा छोटा भाग घरी भरता येतो. तो भरा, पण ती चाळणी आहे. पुढे डॉक्टरांनी सविस्तर मुलाखत घ्यायला हवी. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या निकषांप्रमाणे १७ वर्षं किंवा त्याहून मोठ्या माणसात अवधानाच्या किंवा चंचलतेच्या नऊपैकी किमान पाच लक्षणं हवीत, त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत आणि त्रास घर, काम, शिक्षण अशा किमान दोन ठिकाणी व्हायला हवा.

बाराव्या वर्षाआधीचा पुरावा कुठून आणायचा, इथं बहुतेक जण अडतात. माझ्या माहेरी पत्र्याच्या पेटीत चौथीचं प्रगतीपुस्तक सापडलं. शेऱ्यात लिहिलं होतं, "हुशार आहे पण लक्ष देत नाही." डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. तुमच्याकडे असं काही नसेल तर मायला, थोरल्या बहिणीला किंवा जुन्या गुरुजींना फोन करा आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा.

आपल्या भागातल्या हुशार मुलांचं निदान हमखास उशिरा होतं, असं माझं मत आहे. लातूर पॅटर्नमध्ये पहाटेपासून रात्रीपर्यंत दुसऱ्याच कुणीतरी वेळ आखून दिलेली असते. क्लास, चाचणी, पुन्हा क्लास. त्या चौकटीत पोरगं तरून जातं. पुढे नोकरी लागते, लग्न होतं, कुणी वेळापत्रक देईनासं होतं, आणि मग सगळं ढासळतं. लोक म्हणतात, "एवढी हुशार होती, आता काय झालं हिला?" "बारावीला ८५ टक्के होते, मग एडीएचडी कसा?" असं कुणी म्हणालं, तर त्या वेळची चौकट कुणाची होती ते डॉक्टरांना जरूर सांगा.

एडीएचडीसारखे दिसणारे दुसरे त्रासही आहेत. थायरॉइड, रक्त कमी असणं, रात्री घोरताना श्वास अडकणं, नैराश्य, चिंता, दारू. हे तपासल्याशिवाय गोळी सुरू करू नका. माझं हिमोग्लोबिन नऊच्या आत होतं, ते आधी सुधारावं लागलं.

कुणाकडे जायचं

औषध मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम झालेले डॉक्टर लिहितात. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात, समुपदेशन करतात, गोळी लिहीत नाहीत. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण, लातूरचं विलासराव देशमुख ही आपल्याकडची मोठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयातही विभाग असतो. कुठून सुरुवात करावी तेच कळत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चालू आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

निघायच्या आधी दवाखान्यात फोन करून एकच प्रश्न विचारा: "मोठ्या माणसांचा एडीएचडी बघता का?" मी हे न विचारता एका ठिकाणी गेले. तिथं मला सांगितलं गेलं की हा लेकरांचा आजार आहे, तुम्ही ध्यान करा. दिवसभराची रजा आणि एसटीचा फेरा वाया गेला. त्याहून वाईट म्हणजे पुढचे दोन महिने मी कुणाकडेच गेले नाही.

ऑनलाइन डॉक्टरांविषयी एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली आणि एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखालची औषधं व्हिडिओ कॉलवरून लिहून देता येत नाहीत. एडीएचडीचं मुख्य औषध मिथाइलफेनिडेट या दोन्ही यादींत आहे. म्हणजे त्यासाठी प्रत्यक्ष जावंच लागतं. जिंतूर, भूम किंवा किनवटच्या माणसानं हे आधी हिशेबात धरावं: दर खेपेला किती खर्च, कोणता वार, रजा मिळेल का? अ‍ॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध या याद्यांत बसत नाही, त्यामुळे त्याचा पाठपुरावा फोनवर किंवा व्हिडिओवर होऊ शकतो. अंतराचा मुद्दा डॉक्टरांपुढे मोकळेपणानं मांडा. औषध निवडताना तो खरोखर महत्त्वाचा ठरतो.

जाण्याआधी वहीची पहिली दोन पानं

पहिल्या पानावर आजार आणि औषधं. रक्तदाब, हृदयाचा त्रास, छातीत धडधड, चक्कर येऊन पडणं. घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं आहे का, हे थोरल्यांना विचारून लिहा, कारण "झोपेतच गेले" एवढंच सांगून आपल्याकडे विषय मिटवतात. काचबिंदू, फिट, यकृताचा आजार. स्वतःला किंवा घरात कुणाला बायपोलर, म्हणजे कित्येक दिवस किंवा आठवडे उत्साहाचं उधाण आणि कधी खोल उदासी. हे असेल तर आधी त्यावर इलाज होतो, एडीएचडीची गोळी नंतर. गरोदर असाल, तसा विचार असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तेही. चालू असलेली प्रत्येक गोळी लिहा, आयुर्वेदिक आणि जिमची पावडरसुद्धा. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्या अ‍ॅटोमॉक्सेटिनचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढवतात.

तंबाखू, गुटखा, दारू किती, ते खरं सांगा. नवरा किंवा सासरे सोबत आत आले असतील आणि त्यांच्यासमोर बोलता येत नसेल, तर "मला पाच मिनिटं एकटीला बोलायचंय" म्हणा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं तुमची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे.

दुसऱ्या पानावर काय बदलायला हवं ते लिहा. तीन गोष्टी, चौथी नको. "लक्ष लागावं" असं लिहू नका, ते मोजता येत नाही. माझ्या तीन गोष्टी अशा होत्या: ग्रामसभेचं इतिवृत्त आठ दिवसांत पूर्ण होणं, आठवड्यात दूध किती वेळा उतू जातं, आणि लेकरावर किती वेळा ओरडले. प्रत्येकीचा दोन आठवड्यांचा आकडा औषधाआधीच लिहून ठेवला. इतिवृत्त तीन महिन्यांचं थकलं होतं. दूध आठवड्यात चारदा. तिसरा आकडा मी इथं लिहीत नाही, पण तो बघूनच मी गोळीला तयार झाले.

औषधं कोणती

मिथाइलफेनिडेट मेंदूत डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही दोन रसायनं जास्त वेळ उपलब्ध ठेवतं. साध्या गोळीचा असर साधारण तीन-चार तास टिकतो, सावकाश सुटणाऱ्या गोळीचा प्रकाराप्रमाणे आठ ते बारा तास. असर त्याच दिवशी कळतो आणि उतरतोही त्याच दिवशी. भूक कमी होणं, झोप उशिरा लागणं, डोकं दुखणं, तोंडाला कोरड, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढणं हे नेहमीचे त्रास. संध्याकाळी असर ओसरताना काहींना चिडचिड होते.

अ‍ॅटोमॉक्सेटिन उत्तेजक गटातलं नाही. ते मुख्यतः नॉरएपिनेफ्रिनवर काम करतं आणि त्याला धीर लागतो. चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळच जास्त आणि फायदा शून्य, असं वाटून बरेच जण सोडून देतात. जेवणानंतर घेतलं तर मळमळ कमी होते. कॅप्सूल उघडून पूड करू नका, ती डोळ्यांना झोंबते. लघवी अडखळणं, लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होणं हेही होऊ शकतं. पुरुष हे लाजेनं सांगत नाहीत आणि गोळी गुपचूप बंद करतात. डॉक्टरांनी हे शेकडो वेळा ऐकलेलं असतं, सांगून टाका. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

याशिवाय क्लोनिडिन, ब्युप्रोपिऑन अशी औषधं काही परिस्थितींत वापरतात. क्लोनिडिन स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नये, रक्तदाब उसळतो.

इंटरनेटवर परदेशातले लोक ज्या अ‍ॅडेरॉल या अ‍ॅम्फेटामिन गटातल्या गोळीविषयी लिहितात, ती भारतात मिळत नाही. २०१८ साली लॅन्सेट सायकियाट्रीत १३३ चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता. त्यात मोठ्या माणसांसाठी अ‍ॅम्फेटामिन गटाला आणि मुलांसाठी मिथाइलफेनिडेटला पहिली पसंती दिली होती, पण मिथाइलफेनिडेट मोठ्यांनाही उपयोगी पडतं असंच त्यातून दिसलं. त्यातला बराचसा पुरावा पहिल्या तीनेक महिन्यांचा आहे. म्हणूनच वर्षानुवर्षं घेणाऱ्यानं दरवर्षी नव्यानं विचार करायला हवा.

माझं सांगायचं तर आधी अ‍ॅटोमॉक्सेटिन दिलं होतं, कारण महिन्याला फेरी जमणार नव्हती. सात आठवडे घेतलं. मळमळ गेली नाही आणि आकडे हलले नाहीत. मग मिथाइलफेनिडेट.

गोळी मिळणार कुठे

शेड्यूल एक्सची औषधं विकायला मेडिकल दुकानाला वेगळा परवाना लागतो. तालुक्याच्या गावी असं दुकान बहुधा नसतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. तेव्हा डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी तीन गोष्टी विचारा: दोन प्रती आहेत का, त्यावर सही, शिक्का, तारीख आणि एकूण गोळ्या अक्षरात लिहिल्या आहेत का, आणि ही गोळी कोणत्या दुकानात असते. मी पहिल्यांदा एकच प्रत घेऊन गेले. दुकानदारानं हात जोडले आणि परत पाठवलं. तोवर ओपीडी बंद झाली होती. तो नियमानंच वागत होता. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं एवढं सविस्तर लिहितेय.

ही गोळी दुसऱ्याची घेऊ नका, आपली दुसऱ्याला देऊ नका, चुलत भावाला परीक्षेपुरतीसुद्धा नको. एनडीपीएस कायदा आहे. घरात ती कुलपात ठेवा. प्रवासात मूळ पाकीट आणि चिठ्ठीची प्रत सोबत असू द्या.

पहिले आठ आठवडे

सुरुवातीला डॉक्टर वजन, नाडी, रक्तदाब घेतील, गरज वाटली तर ईसीजी सांगतील. घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर उत्तम, नाहीतर आशाताईंना किंवा उपकेंद्रात विनंती करा. आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं शांत बसून मग मोजा.

पहिली गोळी सुट्टीच्या दिवशी, नाश्ता करून, घरातलं कुणी सोबत असताना घ्या. मी रविवारी सकाळी नऊला घेतली. दहाच्या सुमारास नमुना ८ चं, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचं, रजिस्टर उघडून बसले, कारण त्याच्याशी माझी वर्षानुवर्षांची लढाई होती. डोक्यात काही चमकलं नाही, उत्साह वगैरे आला नाही. कुकरची शिट्टी झाली. उठले, गॅस बंद केला आणि परत येऊन त्याच ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ पूर्ण केली, खालची घेतली. ध्यानात आलं तेव्हा मी पेन खाली ठेवून रडत होते. छत्तीस वर्षांत मी उठून परत त्याच ओळीवर आल्याचं मला आठवत नव्हतं.

सगळ्यांना असं होत नाही, आणि पहिल्याच मात्रेला तर बऱ्याचदा काहीच होत नाही. उलट पहिल्या दिवशी फार भारी वाटलं, तर तीच योग्य मात्रा असंही समजू नका. वहीत रोज एक ओळ पुरते: गोळीची वेळ, जेवण, झोप, नाडी, आणि आपल्या तीन गोष्टींपैकी त्या दिवशी जे घडलं ते. आठवड्यातून एकदा घरातल्या माणसाला विचारा, "तुला काही वेगळं दिसलं का?" माझ्या नवऱ्यानं तिसऱ्या आठवड्यात सांगितलं, "तू आता माझं वाक्य संपू देतेस." हे मला स्वतःला कधीच दिसलं नसतं. तुम्ही गप्प, निर्विकार, यंत्रासारखे झालात असं घरचे म्हणत असतील तर तेही लिहा. मात्रा जास्त झाल्याची ती खूण असू शकते.

छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी नाडी सतत १२० च्या वर राहणं, भास किंवा विनाकारण संशय, मरणाचे विचार, पुरुषांत तासन्‌तास न उतरणारी वेदनादायक ताठरता, यांपैकी काहीही झालं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आपल्याकडचं खाणंपिणं, ऊन आणि उपास

मिथाइलफेनिडेटनं दुपारची भूक मरते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला असताना आधीच जेवण जात नाही, त्यात ही गोळी. माझं पहिल्या उन्हाळ्यात चार किलो वजन उतरलं. उपाय साधा आहे. गोळीआधी सकाळी पोटभर भाकरी आणि वरण किंवा अंडं, दुपारी भूक नसली तरी घड्याळ बघून ताक आणि थोडं खाणं, आणि रात्री भूक परत येते तेव्हा नीट जेवण. पाण्याची बाटली टेबलावर समोर दिसेल अशी ठेवा.

नवरात्रात नऊ दिवस उपास धरणारे, एकादशी करणारे, रोजे ठेवणारे, सगळ्यांनी सण यायच्या आधीच डॉक्टरांशी वेळा ठरवून घ्याव्यात. उपाशीपोटी अ‍ॅटोमॉक्सेटिन मळमळवतं. रोज्यात मिथाइलफेनिडेट सहेरीला घ्यायचं की त्या महिन्यापुरतं थांबवायचं, हे त्यांनीच ठरवावं.

चहा कमी करा. आमच्या कार्यालयात येणारा प्रत्येक माणूस चहा सांगतो आणि मी दिवसाला सात-आठ कप प्यायचे. गोळी आणि एवढा चहा मिळून छाती धडधडायची. दोन कपांवर आले आणि धडधड थांबली. तंबाखूनंही नाडी वाढते. दारू आणि ही गोळी एकत्र नकोच. साधी गोळी दिवसातून दोनदा असेल, तर दुसरी दुपारनंतर उशिरा घेतल्यानं झोप जाते, चुकली तर चुकू द्या.

घरच्यांना काय सांगायचं

सगळ्या भावकीला सांगायची गरज नाही. एका माणसाला सांगा, जो रोज तुम्हाला बघतो. सासूबाईंना मी एवढंच म्हणाले, "आई, चष्म्यासारखं आहे हे. लावला की दिसतं, काढला की नाही." त्यांनी लगेच मान्य केलं नाही. दोन महिन्यांनी स्वतःच म्हणाल्या, "दूध उतू जायचं थांबलंय बघ." सवय लागेल ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, म्हणून त्यांना हेही सांगितलं: या गोळीचा गैरवापर होऊ शकतो, त्यासाठीच तर दोन चिठ्ठ्या आणि कुलूप. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, तोंडावाटे घेताना व्यसन लागणं ही सहसा होणारी गोष्ट नाही.

ठरवायचा दिवस

आठ-दहा आठवड्यांनी वहीचं दुसरं पान आणि आजचे आकडे शेजारी ठेवून डॉक्टरांपुढे बसा. आकडे हलले आणि त्रास सोसवतोय, तर चालू. हलले पण त्रास जास्त, तर मात्रा, वेळ किंवा गोळीचा प्रकार बदलून बघता येतो. हललेच नाहीत, तर दुसरं औषध, किंवा निदानाकडे पुन्हा एकदा बघणं. "मला औषध नको, आधी वर्तनोपचार करून बघते" हाही पूर्ण मान्य पर्याय आहे, विशेषतः त्रास मध्यम असेल तर. आणि औषध लागू पडलं तरी कामाची यादी करणं, फोनवर गजर लावणं, थकलेली कामं फोडून घेणं हे शिकावंच लागतं. गोळी खुर्चीवर बसवते, रजिस्टर आपल्यालाच लिहावं लागतं.

चालू ठेवलं तर दर सहा महिन्यांनी वजन, नाडी, रक्तदाब, आणि वर्षातून एकदा डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही दिवस बंद करून गरज अजून आहे का ते बघणं. मी मार्चएंडच्या धामधुमीत तो प्रयोग करत नाही, दिवाळीच्या सुट्टीत करते.

गोळ्या संपण्याचा दिवस मात्र आजच कॅलेंडरवर लिहा. एडीएचडीच्या माणसाकडून हमखास राहून जातं ते हेच, नवी चिठ्ठी आणणं. माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर संपण्याच्या दहा दिवस आधी लाल गोल असतो. त्या दिवशी सकाळी दुकानाला फोन, "स्टॉक आहे का?", दुपारी दवाखान्याला फोन, "डॉक्टर कोणत्या वारी आहेत?", आणि संध्याकाळी रजेचा अर्ज.